पियानो आणि त्याचा खोका

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, व्यवसाय पियानो सुरात लावणे व दुरुस्त करणे, राहणार टेकडीच्या उतारावरचे निळ्या दाराचे घर, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली नसताना आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर, माझ्या पश्चात काय कोणाचे व्हावे ते लिहून ठेवते. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. तपासायला आले तेव्हा त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्याच्या दारावरची घंटा पाव सूर उतरली आहे हेही सांगितले. दाखला लगेच मिळाला.

वकीलसाहेबांचे म्हणणे असे की मृत्युपत्र आटोपशीर असावे. सगळ्यांची पूर्ण नावे आणि पत्ते त्यांनी वेगळ्या कागदावर घेतले आहेत, त्यामुळे इथे मी ज्याला जे म्हणते तेच लिहिणार. आटोपशीरपणाचे मात्र काही जमणार नाही. पन्नास वर्षे लोकांच्या दिवाणखान्यात मान खाली घालून काम केले. आता थोडे बोलते.

कलम १. चार वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात पियानो थोरलीला, म्हणजे माझ्या मुलीला, दिला होता. तो मी परत का घेतला हे कलम ५ वाचल्यावर कळेल. तोवर तिने फोन लावून धाकट्याशी भांडू नये. त्या बिचाऱ्याचा यात काही हात नाही.

कलम २. राहते घर, अंगणातल्या कामाच्या खोलीसह, माझा मुलगा धाकटा याला द्यावे. त्याला सूर कशाशी खातात ते कळत नाही, पण गळके छप्पर, तुंबलेली मोरी आणि रुसलेली आई या तिन्ही गोष्टी त्याने न बोलता सांभाळल्या. घर त्याच्याकडे नीट राहील.

कलम ३. बँकेतली शिल्लक दोघांत सारखी. यावर अधिक बोलण्यासारखे काही नाही.

कलम ४. किरकोळ वस्तू. ह्यांचा रंधा, दोन पटाशा आणि गुण्या धाकट्याकडे. माझा हिवाळी कोट सूनबाईंना. त्याच्या खिशांना आतून कातडे लावले आहे, हत्यारे ठेवली तरी फाटत नाहीत. सभागृहाच्या चिटणिसांना मी मेणकापडाचा एक तुकडा ठेवत आहे. गेली बावीस वर्षे ते पावसाळी दिवसात आपली ओली छत्री सभागृहाच्या पियानोवर ठेवतात. मी सांगून थकले. मेणकापडावर माझे नाव घालून घ्यावे, म्हणजे छत्री ठेवताना दर वेळी ते वाचले जाईल.

कलम ५. पियानो.

हा पियानो माझ्या आईने शिवणकाम करून मला घेऊन दिला होता. लग्नानंतर दोन वर्षांनी समुद्रापलीकडून, म्हणजे या गावातून, थोरल्या दिरांचे पत्र आले. भाऊजी आधीच इथे स्थिरावले होते. त्यांनी ह्यांच्यासाठी खोके बनवण्याच्या कारखान्यात काम बघून ठेवले होते. पत्राच्या शेवटी लिहिले होते, ‘पियानो तिथेच विकून या. इथे जुने पियानो कोणी फुकट दिले तरी घेत नाही. आणायला जेवढा खर्च येईल तेवढ्यात इथे दोन येतील. शिवाय लाकूड आहे, हवा बदलली की फाटेल.’

ते पत्र मी तीनदा वाचले आणि रात्रीच्या स्वयंपाकाला लागले. ह्यांनी माझ्याकडे पाहिले. म्हणाले, “विकायचा?”

मी म्हटले, “भाऊजी म्हणतात ते खरंच असेल.”

“ते मी विचारलं नाही.”

“नाही विकायचा,” मी म्हणाले.

“मग खोका मी करतो,” हे म्हणाले. “असा करतो की समुद्राला वास लागायचा नाही.”

खोका बनवण्यात ह्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी बायको म्हणून लिहीत नाही. इथल्या कारखान्यात पुढे प्रत्येक खोका शेवटी ह्यांच्या हाताखालून जायचा. पसंत पडला की सुताराच्या जाड पेन्सिलीने त्यावर एक गोल आणि त्याखाली आडवी रेघ. ती खूण नसलेला खोका फाटकाबाहेर जात नसे. ती खूण त्यांनी पहिल्यांदा केली ती पियानोच्या खोक्यावर. झाकणाला सरळ रेषांची, एकही गाठ नसलेली फळी शोधायला दोन आठवडे वखारी पालथ्या घातल्या. सांधे डांबराने भरले. वर मेणकापड, त्यावर पुन्हा पट्ट्या. पाण्याचा थेंब आत जाणार नव्हता, आणि गेला नाही.

पण आम्ही निघालो ते दमट बंदरातून. त्या हवेचा दमटपणा खोक्यात कोंडला गेला आणि सात आठवडे पियानोबरोबर प्रवास करून आला. इतके चांगले काम केले नसते, एखादी फट राहिली असती, तर तो दमटपणा वाटेत निघून गेला असता. वाईट सुताराकडून ही चूक झालीच नसती.

दुसरी चूक आम्हा दोघांची. अशा वेळी खोका थंड खोलीत महिनाभर तसाच ठेवायचा असतो, मग थोडा थोडा उघडायचा, म्हणजे लाकूड सावकाश वाळते, फाटत नाही. हे आज मला माहीत आहे. तेव्हा भाऊजी चार वाजता येणार होते, एवढेच माहीत होते. आम्ही तीन वाजता खोका उघडला आणि पियानो उबेला बरा म्हणून शेगडीशेजारच्या भिंतीला लावला. भाऊजी आले. त्यांनी चारी बाजूंनी पाहिले, बोट फिरवले. मी वाजवले. हे कमरेवर हात ठेवून उभे होते. भाऊजी शेवटी म्हणाले, “बरा आलाय.” भाऊजींच्या तोंडून ‘बरा’ म्हणजे दुसऱ्या कोणी टाळ्या वाजवल्यासारखेच. त्या दिवसापासून ह्यांनी घरी आलेल्या प्रत्येक माणसाला सांगितले, “समुद्र ओलांडून आणला, ओरखडासुद्धा नाही.”

नवव्या दिवशी सकाळी हे कामावर गेले होते. मी बटाटे सोलत होते. पियानोतून काडकन आवाज आला. खालच्या सुरांच्या पट्ट्या दाबल्या तर मधमाशी अडकल्यासारखी गुणगुण. पियानो ओढून मागे पाहिले. तारांमागची मोठी पातळ फळी, जिच्यामुळे पियानोला आवाज असतो, ती दीड वीत उभी फाटली होती.

मी खाली बसून रडले. मग उठून बटाटे शिजवले. ह्यांना सांगितले नाही. भाऊजी खरे ठरले याचे दुःख मला होतेच, पण ज्या खोक्याचा ह्यांना एवढा अभिमान त्याच खोक्याने पियानो फाडला, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? खालच्या पट्ट्या टाळून वाजवू लागले.

गावात पियानो दुरुस्त करणारे एक म्हातारे कारागीर होते. त्यांना दुपारी घरी बोलावले. त्यांनी आधी फळी पाहिली, मग अंगणातला खोका पाहिला, आणि खोक्यासमोरच जास्त वेळ उभे राहिले.

“हा कोणी केला?”

“आमच्या ह्यांनी.”

“हात सोन्याचा आहे हो. फक्त लाकडाला श्वास लागतो हे त्याला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्हीही सांगू नका.”

“मग मी इथं रोज येऊन काम करू कसा? त्याला कळेलच.”

“तुम्ही नका करू,” मी म्हणाले. “मला शिकवा.”

ते हसले. मी हसले नाही. आठ महिने त्यांच्या दुकानात गेले. घरी सांगितले की मुलांना वाजवायला शिकवते. तार चढवणे, खुंटी पिळणे, तारेवर आपटणाऱ्या हातोडीचा नमदा, म्हणजे दाबलेली लोकर, टोचून मऊ करणे, सगळे शिकले. नवव्या महिन्यात स्वतःच्या पियानोची फाट कोरून साफ केली आणि त्यात लाकडाची बारीक चीप बसवून सरसाने जोडली. चीप कुठून आणायची हा प्रश्न होता. कारागीर म्हणाले, जुने, वाळलेले, सरळ रेषांचे लाकूड पाहिजे. तसे लाकूड आमच्या अंगणात उभे होते. खोक्याच्या झाकणाच्या फळीतून मी बोटभर रुंदीचा काप काढला. खोक्याने फाडले, खोक्यानेच सांधले. गुणगुण थांबली, ती आजतागायत.

पुढे कारागिरांचे दुकान मी चालवले. या गावातल्या बहुतेक पियानोंना माझा हात लागला आहे. भाऊजींनी आपल्या मुलीसाठी इथलाच कोरा पियानो घेतला, आणि तो सुरात लावायला वर्षातून दोनदा मीच जात होते. हे सगळे मी फुशारकी म्हणून लिहीत आहे, कोणी गैरसमज करून घेऊ नये.

आता थोरलीचे. गेल्या वर्षी ती नोकरीसाठी समुद्रापलीकडे, तिसऱ्याच देशात गेली, माझ्या नातीला घेऊन. तिथे तिने बैठकीतली एक भिंत मोकळी ठेवली आहे. “बाबांनी आणला होता, ओरखडा न येता. मीपण आणणार. आईचं मन आहे तोवर तिच्याकडे राहू दे,” असे ती म्हणते. तिचे प्रेम मला कळते. पण नात सोळा वर्षांची आहे आणि वर्षभर त्या मोकळ्या भिंतीसमोर बसून आहे. नातीने वाजवायला आजीच्या मरणाची वाट बघायची, हे मला पटत नाही. मी लवकर मरेन असे लक्षणही नाही.

म्हणून मी ठरवते की पियानो कुठेही जाणार नाही. त्याने दोन हवा सोसल्या, तिसरी त्याला झेपणार नाही. घर पियानोसकट आणि पियानो घरासकट धाकट्याचा. त्यावर फुलदाणी, किल्ल्या, वर्तमानपत्र ठेवायचे नाही. वर्षातून दोनदा सूनबाईंनी तो सुरात लावावा. त्या माझ्याकडेच शिकल्या आणि आता त्यांचा कान माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. हे त्यांना मी तोंडावर सांगितलेले नाही, ते इथे सांगते.

कलम ६. भाऊजी. वय त्र्याण्णव, प्रकृती ठणठणीत. त्यांचे ते पत्र मी जपून ठेवले आहे, ते त्यांना परत करावे. त्याच्या खाली मी आज लिहिले आहे, ‘तुमचे प्रत्येक वाक्य खरे होते. तरीही मी पुन्हा आणीन. विकत घेतला असता तर मी फक्त वाजवत बसले असते.’ पहिले वाक्य मी जिवंतपणी कबूल करणार नाही, म्हणून ते मृत्युपत्रात. भाऊजींनी माझ्या आधी जाऊ नये, नाहीतर हे कलम वाया जाईल.

कलम ७. माझी हत्यारांची पिशवी नातीला. तिच्यात सुरात लावायची चावी आहे, रबरी पाचरी आहेत, नमद्याची पट्टी आहे आणि कारागिरांनी मला दिलेला स्वरकाटा आहे. पिशवी विमानात मांडीवर मावते. पियानो तिने तिथलाच घ्यावा, तिथल्या हवेत मुरलेला, जुना, कोणालाही नको असलेला. तो रडेल, बेसूर होईल, तिला वैताग आणेल. तिने तो उघडून आत बघावे.

खोक्याच्या झाकणाची फळी आता माझ्या स्वयंपाकघरातली मांडणी आहे. तिच्या एका कडेला बोटभर खाच आहे. त्याच खाचेशेजारून वीतभर काप काढून पिशवीत ठेवला आहे. कधी लागला तर.

कलम ८. हे कलम मी आजवर कोणाला सांगितलेले नाही.

हे जाऊन आठ वर्षे झाली. ते गेल्यावर तीन महिन्यांनी, भिंतीला रंग द्यायचा म्हणून, मी आणि सूनबाईंनी पियानो भिंतीपासून ओढला. माझ्या दुरुस्तीनंतर तो हलवल्याचे मला आठवत नव्हते. मागे गेले. मी बसवलेली चीप जशीच्या तशी होती. तिच्या शेजारी, सुताराच्या जाड पेन्सिलीने, एक गोल आणि त्याखाली आडवी रेघ. बाजूला तारीख. मी सांधा जोडला त्यानंतरचा रविवार.

ह्यांनी झाकणाची खाच पाहिली असणार. ज्या माणसाने ती फळी दोन आठवडे शोधली, त्याला तिच्यातून बोटभर लाकूड गेलेले कळणार नाही? त्याच वर्षापासून कारखान्यातल्या खोक्यांना हवेसाठी दोन बोटांची भोके ठेवू लागले. मला वाटायचे, वरून हुकूम आला असेल. आणि पुढची चाळीस वर्षे ते माझ्यासमोर पाहुण्यांना सांगत राहिले, “ओरखडासुद्धा नाही,” आणि मी मान डोलवत राहिले. त्यांना त्या वाक्यात माझे काम दिसत होते, हे मला आता कळते. मला आयुष्यात पुष्कळ शाबासक्या मिळाल्या. एवढी मोठी दुसरी नाही.

नातीने एवढे लक्षात ठेवावे की आपल्या सांध्यावर आपण खूण करायची नसते.

कलम ९. हे मृत्युपत्र मी मरेपर्यंत कपाटात ठेवायचे नाही. वकीलसाहेबांनी एक प्रत आजच थोरलीला पाठवावी आणि पिशवीही आजच रवाना करावी. त्या प्रतीतले कलम ६ कागद लावून झाकावे, कारण ती सगळे काकांना सांगते. वाचून झाले की तिने फोन करावा. धाकट्याला नाही, मला. पियानो मी भिंतीपासून ओढून ठेवला आहे. त्याची पाठ फोनवर दाखवता येते, असे सूनबाई म्हणतात.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि एकही शब्द उतरलेला वाटला नाही.

सही: निळ्या दाराच्या घराची मालकीण, पियानो लावणारी

साक्षीदार पहिले: डॉक्टर, दवाखाना कोपऱ्यावरचा. समक्ष सही केली. (घंटा अजून तशीच आहे.)

साक्षीदार दुसरे: सभागृहाचे चिटणीस. समक्ष सही केली. वकीलसाहेब म्हणाले, ज्याला काही मिळते तो साक्षीदार चालत नाही, म्हणून कलम ४ मधले मेणकापड मी रद्द करते. ते त्यांना सहीनंतर लगेच हातात दिले आहे.

स्थळ: घराची पुढची खोली, पियानोच्या मागच्या बाजूस
दिनांक: १४ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी अकरा