माळ्यावरची कार्डं

डॉक्टर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी इंदापुरात दवाखान्यावरून जाताना माझा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटणाकडे जातो. ते उघडं दिसलं की तुम्ही बोलायचात. आता लिहितानाही शुद्धलेखनाची धास्ती वाटतेय. सातवी नापास माणसाला तुम्ही कंपाउंडर केलंत आणि नव्वदनंतर त्याच्यापुढे कॉम्प्युटर आणून ठेवलात.

तो जोडायला बारामतीहून एक मॅडम एसटीने यायच्या. मशीनला धूळ चालत नाही म्हणून पेशंटच्या चपला बाहेर. मला वाटायचं, यांच्यामागून माझ्याही चपला बाहेर जाणार. पेशंटची कार्डं मशीनमध्ये भरायची असं ठरलं, तेव्हा मी भीत भीत विचारलं, "मॅडम, ह्यात लाल रेघ कुठं मारायची?" तुम्ही मोठ्याने हसलात. मॅडम हसल्या नाहीत. "कसली रेघ, दाखवा." ज्याला पेनिसिलिन सोसत नाही, त्याच्या कार्डावर तुम्ही लाल पेन्सिलीने रेघ ओढायचात, ती मी दाखवली. त्यांनी बसल्या बसल्या सोय केली, अशा पेशंटच्या नावाआधी तीन चांदण्या उमटायच्या.

मग कित्येक महिने मी एका बोटाने टाइप करतोय. तुम्ही मागे उभे. "भरून झालेली कार्डं रद्दीत घाल. दोन्हीकडे बघत बसलास तर या जन्मात शिकणार नाहीस." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी विचारलंत, घातली का? म्हटलं, घातली.

निमगाव केतकीची ती आक्का आठवते? घसा सुजलेला, अंगात ताप, तरी मशीनकडे बघून म्हणाली, "दादा, ह्या पेटीला माजं दुखणं कळतं व्हय? माज्या नवऱ्याला तीस वर्सांत न्हाय कळलं!" पडद्यावर तिच्या नावाआधी चांदण्या नव्हत्या. पूर्वी सुईचा त्रास झाला होता का, असं तुम्ही विचारलंत, तर म्हणाली, "न्हाय ओ, मला काय हुतंय?" तुम्ही पेनिसिलिन भरायला सांगितलंत. मी औषधाची बाटली उचलली आणि परत ठेवली. उगाचच. तिचं नाव मीच टाइप केलं होतं, आणि माझ्यावर माझा कधीच भरवसा नव्हता. सुई उकळायची राहिलीय म्हणालो आणि आत गेलो. बाहेर येऊन म्हणालो, "साहेब, हिला पेनिसिलिन नको. मागं अंगावर गांधी उठल्या हुत्या." तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. ती म्हणाली, "आगं बया, व्हय की! इसरलेच."

संध्याकाळी मशीनपुढची गादीची खुर्ची तुम्ही माझ्याकडे सरकवलीत. "आजपासून ही तुझी. मशीन चुकेल, याचं डोकं चुकणार नाही," असं येईल त्याला सांगत राहिलात. त्या खुर्चीत मी म्हातारा झालो. आता तुमची मुलगी दवाखाना चालवते. मशीन चार वेळा बदललं, पण प्रत्येक वेळी तिने आधी तीच सोय मागून घेतली. परवा मी औषधाला गेलो तर पडद्यावर माझ्याच नावाआधी लाल पट्टी. म्हातारपणी मला कुठलीशी गोळी सोसेनाशी झालीय. पट्टी बघून इतकं बरं वाटलं, की मी कशासाठी आलोय तेच विसरलो.

हे पत्र तिच्याकडे द्यावं असं दोनदा मनात आलं. देणार नाही. ती अजून लोकांना माझ्या डोक्याची गोष्ट सांगते. डॉक्टर, मशीन चुकलं नव्हतं, चांदण्या द्यायला मी विसरलो होतो. आणि मला काही आठवलंही नव्हतं. सुई केव्हाच उकळून झाली होती. मी माळ्यावर चढलो होतो. सलाइनच्या खोक्यांमागे, खताच्या पोत्यात, सगळी कार्डं तशीच होती.