पुढच्या खेळाचा तुकडा

३ जानेवारी १९३१, शेगाव

तंबूत आज पुन्हा तेच. सिनेमा मुका, पडद्यावरची अक्षरं लोकाइले वाचता येत नाई, म्हणून बाजूले उभा राहून मी सांगतो. सुरवातीले हा बाप, हा थोरला, हा धाकला, ही त्यायच्या घरची विहीर. लोक चणे खात राह्यते.

पण त्याच्या आधी पुढच्या खेळाचा तुकडा लागते. तो माह्या जोडीचा दत्तू सांगते. घोडा पडला, तलवार निघाली, अन् "कोण वाचते ते शनवारी पाहा." टाळ्याच टाळ्या. मंग माह्या वाट्याले थंडे झालेले लोक.

५ जानेवारी

सुमन, माही घरची, काल बायकाच्या कनातीत होती. जेवाले वाढता वाढता म्हणे, "दत्तूभाऊजीनं काय मस्त सांगतलं."

"अन् मी?"

"तुमचं बी बरं होतं."

बरं तर ती वांग्याच्या भाजीलेही म्हणते.

६ जानेवारी

आज म्हणे, "त्यायनं अर्धंच सांगतलं न, बाकीचं मी मनात जुळवून राह्यली." अंगाचा तिळपापड झाला. बायको माही, अन् तिच्या मनात घोडे दौडवते दत्तू.

त्याचं काय जाते? तुकडा म्हणजे इथून तिथून कापून जोडलेला. घोडा कोणाचा, पडला काऊन, काही सांगा लागत नाई. नुसता फोडणीचा वास. मले पाट मांडा लागते, पाणी ठेवा लागते, मंग वाढा लागते. सुरवातीले माणसं वळखू आली नाई त पुढचं सारं वाया. पण पाट मांडणाऱ्यासाठी कोण टाळ्या वाजवते.

९ जानेवारी

आज राहवलं नाई. बाप अन् दोघं पोरं अंगणात आले, तसा मी दत्तूवाणी आवाज फेकला, "पाहून घ्या ह्या धाकल्याले, हाच बापाले विहिरीत ढकलणार." टाळ्या. कनातीतूनही. जिंकलो वाटलं.

मंग धाकला बापाचे पाय चेपाले बसला. तिथं लोकाइच्या डोळ्याले पाणी येते. आज धाकल्याले शिव्या पडल्या. विहीर येईपर्यंत अर्धा तंबू उठला. एक बुढा जाता जाता म्हणे, "मास्तर, सारं तूच सांगून टाकलं, आता बसून काय करू?"

११ जानेवारी

मालक करीमशेठ लय तापले. "दोघं परवडत नाई बे मले. एकच ठेवतो. शनवारी उलटं करा. तुकडा तू सांग, सुरवातीपासून सारा खेळ दत्तू सांगीन. लोक कोणासाठी बसते, पाहू."

संध्याकाळी दत्तू घरी हजर. "दादा, सुरवात कशी उचलू? मले त धास्तीच भरली." सुमननं त्याले चहा केला, साखर सढळ हातानं. मी म्हटलं, तुह्यं तू पाह्य. तो गेल्यावर माह्यापुढं चहा आला, बिनसाखरेचा.

१६ जानेवारी

तुकडा घोकून राह्यलो. आवाज चांगला लागते. दत्तूपेक्षा चांगला, खरं सांगतो.

सुमन म्हणे, उद्या मी येईन. बरं वाटलं. मंग ताटं उचलता उचलता म्हणे, "म्हशीचं दूध काढून निघीन. तुकडा चुकला त चालते न? सुरवात सुटली नाई पाह्यजे."

मी हाव म्हटलं. सुरवातीसाठी येते का दत्तूसाठी, हे विचारायची हिंमत झाली नाई.