मत देणाऱ्याची टोपी

कल्याण, माघ वद्य पंचमी, शके १८०६

चिरंजीव श्रीपादास आजीचे उदंड आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. कपिला व्याली, कालवड झाली. तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, एवढं सोडलं तर घर शांत आहे. पत्र शेजारचे गुरुदत्त मास्तर लिहून देताहेत, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझं ते इंग्रजी मी मास्तरांकडून समजून घेतलं. म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीच्या नोटिशीत मत देणारा ‘व्होटर’ असला तर त्याच्याआधी ‘अ’, ‘इलेक्टर’ म्हटला तर ‘ॲन’. तोच प्रामाणिक निघून ‘ऑनेस्ट व्होटर’ झाला तरी ‘ॲन’, कारण त्यातलं पहिलं ‘एच’ अक्षर लिहायचं, पण बोलायचं नाही. म्हणजे डोळ्यांनी नव्हे, कानांनी ठरवायचं! मोठ्याने म्हणून बघत जा. जीभ अडली की ‘ॲन’. मला येतं, तर तुला का येऊ नये?

मास्तर हसले. हसू नका, पुढचं लिहा म्हटलं.

तुझ्या हेडक्लार्कने त्या नोटिशीतली तुझी ‘अ’-‘ॲन’ची चूक कचेरीभर वाचून दाखवली, हे तू जेवताना सांगितलंस. आणि मी पाहुण्यांसमोर म्हणाले, “मत देणाऱ्याच्या डोक्यावर टोपी ठेवायची की पगडी हे ज्याला कळेना, तो कसला कारकून!” सगळे हसले. तू ताटावरून उठलास आणि तसाच ठाण्याला गेलास. आता ऐकते, नोकरी सोडून कुठे लांब निघून जाणार म्हणतोस.

श्रीपाद, तुझे आजोबा वैराग्य येऊन काशीला गेले असं गाव सांगतं. मीही सांगत आले. ते खोटं. मामलेदारापुढे मोडी वाचताना ते अडखळले, कचेरी हसली. घरी आले, तर मीही हसले. दोन वर्षांनी ते वारल्याचं काशीहून पत्र आलं.

मास्तर थांबलेत. “आजी, हे तो आला की एकांतात सांगा,” म्हणतात. तो यायला तर हवा! आणि मी हसले चारचौघांत, तर माझी चूकही परक्याच्या कानावर पडू दे. लिहा मास्तर: माझं चुकलं. तेव्हाही, परवाही.

जायचं तर जा, बाळा. पण घरी येऊन, जेवून जा.

खाली बांगडीची निशाणी करते, बायका दस्तऐवजावर करतात तशी. म्हणजे उद्या मलाच नाकबूल होता येणार नाही. हातातल्या बांगड्या त्या काशीच्या पत्रासरशी फुटल्या. ही कागदावरची तेवढी उरली आहे.

चिमाबाई
निशाणी बांगडी
दस्तुर गुरुदत्त मास्तर