आखाजीला उज्जूला आणावे, या अटीवर

मी, शेवंताबाई तोताराम पाटील, वय अंदाजे सदुसष्ट, धंदा पूर्वी शेती व हल्ली आजीपण, राहणार पिंपळकोठा, तालुका एरंडोल, जिल्हा जळगाव, आज स्वखुशीने व कोणाच्याही दाबाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. धाकटी सून पुष्पा यावर काही बोलली तर तिकडे लक्ष देऊ नये. सकाळपासून मी झाडलेलेच अंगण पुन्हा पुन्हा झाडते आहे, तेव्हा ती म्हणाली, "आत्याबाई, एक जागे बठा ना जराखा." म्हणून बसले. नुसते बसणे मला जमत नाही, म्हणून मदनलालच्या दुकानातून कागद आणवले.

कारण असे की माझा थोरला मुलगा निंबा वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला आहे. तो आज दुपारच्या एस.टी.ने येणार आणि त्याची मुलगी उज्ज्वला, म्हणजे आमची उज्जू, हिला कायमची घेऊन जाणार. तिच्या पाठीवर भाऊ झाला तेव्हा तिला माझ्याकडे आणून ठेवली. तेव्हा ती रांगत होती, आता तिसरी पास झाली. निंबाला क्वार्टर मिळाले, तिथली शाळा चांगली आहे, हे सगळे खरे आहे. मला त्याविरुद्ध बोलायला तोंड नाही, म्हणून लिहायला घेतले.

कलम पहिले. शेत दोन्ही मुलांच्या नावावर आधीच चढले आहे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. हे घर मात्र माझ्या नावावर आहे. माझ्या मागे ते निंबा आणि धाकटा लोटन यांना निम्मे निम्मे मिळावे. अट एकच. माझ्या मागे दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उज्जूला या घरी आणावे. अंगणातल्या कडुनिंबाला तिच्यासाठी झोका बांधावा. झाड तोडून खोली काढायचे लोटनच्या मनात आहे, ते त्याने मनातच ठेवावे. आणि आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज आणि आंबा ठेवतात, ती माझ्या नावाची घागर उज्जूने भरावी. आपल्याकडे हे काम मुलगे करतात हे मला माहीत आहे. पण निंबा घाईघाईत भरतो आणि निम्मे पाणी ओट्यावर सांडतो. उज्जूचे आजोबा दरवर्षी तहानलेलेच परत जात असतील. जो मुलगा ही अट मोडेल, त्याचा हिस्सा दुसऱ्याला जावा.

(उठून रस्त्यापर्यंत जाऊन आले. जळगावकडून एक गाडी आली, तिच्यातून फक्त पोती उतरली.)

कलम दुसरे. मांडे भाजायचे खापर उज्जूला द्यावे. ती लहान आहे म्हणून कोणी हसू नये. गेल्या आखाजीला तिने पुरणाचा मांडा हातावर घेतला, कोपरापर्यंत नेला आणि खापरावर न टाकता सरळ कुत्र्याच्या अंगावर टाकला. कुत्र्याने तो आवडीने खाल्ला. पुष्पाने आम्हा दोघींना मिळून रागे भरले. माझे मुलगे लहान असताना अन्न सांडले की मी लाटणे घेऊन मागे धावत असे, हे निंबाला चांगले आठवते. त्या दिवशी तो म्हणालासुद्धा, "माय, आम्हले तू असं कधी हसनी नही." मी म्हटले, "तुम्हले वळण लावनं होतं ना." मुलांना वळण लावून झाले की मग देव नात देतो, ती बिघडवायला. हे सुख मला कोणी आधी सांगितले असते तर मी मुलांवर एवढे श्रम घेतले नसते.

कलम तिसरे. भरीत कुटायची लाकडी बडगी विहीणबाई लताबाई, राहणार धुळे, यांना द्यावी. त्या उज्जूच्या दुसऱ्या आजी. त्यांच्याकडे टीव्ही आहे, गोळ्यांची बरणी आहे आणि पोरीचे नाक आपल्यासारखे आहे असे त्या येईल त्याला सांगतात. नाक माझे आहे. मागे उज्जू त्यांच्याकडे राहून आली आणि म्हणाली, "धुळानी आजीनं भरीत गोड लागस." वांग्याचे भरीत, आणि गोड. तेव्हापासून मला हे टोचते आहे. त्यांनी या बडगीत हिरव्या मिरच्या घालून जोर लावून कुटावे, म्हणजे आमची नात काय चवीवर वाढली ते त्यांना कळेल.

कलम चौथे. साखरेचा डबा. डॉक्टरांनी मला साखर बंद केल्यापासून पुष्पा तो डबा धान्याच्या कोठीवर ठेवते. उज्जू माझ्या खांद्यावर चढून तो काढते, एक चिमूट तिला, एक मला. आळ मांजरीवर जातो. उद्यापासून माझा हात तिथे पोहोचणार नाही. तेव्हा पुष्पाने डबा बिनधास्त खाली ठेवावा. मांजरीची यात काही चूक नव्हती.

(पुन्हा उठले होते. उज्जूची पिशवी उघडून बघितली. ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या ठेवल्या होत्या, त्या चुरतील म्हणून वर काढल्या. मग पुन्हा खाली ठेवल्या, कारण वर फ्रॉक हवा. ती स्वतः मजेत झोक्यावर बसली आहे. रडतसुद्धा नाही, या गोष्टीचा मला राग आला.)

कलम पाचवे. थोरल्या सुनेस सूचना. उज्जू झोपेत लाथा मारते, तिला भिंतीकडे निजवावे. केस विंचरताना तिला गोष्ट लागते, नाहीतर ती उठून पळते. गोष्ट येत नसेल तर निंबाच्या लहानपणच्या खोड्या सांगाव्यात, त्या पुष्कळ आहेत. नातवंडे म्हणजे दुधावरची साय म्हणतात. दूध आपली साय घेऊन जाणार हे मला कळते. मला तिची फार आठवण येईल, हे लिहायला मृत्युपत्रात जागा नसते. तरी लिहिते.

निंबा आला. साक्षीला मदनलाल आणि सुपडू आबा यांना बोलावले. सुपडू आबा शाळेत मास्तर होते, त्यांनी सगळा कागद मोठ्याने वाचला. बडगीच्या कलमाला मदनलाल हसला. निंबा खाली मान घालून बसला होता. उज्जू झोक्यावरून ऐकत होती. तिने पाय टेकवून झोका थांबवला आणि विचारले, "आजीमाय, मंग तू मरशी तवयच मी येसु का? तू जित्ती शे तवलोंग नही?"

सुपडू आबांनी पहिले कलम पुन्हा वाचले. पोर बरोबर बोलत होती. मी मेल्यावरचा सगळा बंदोबस्त केला होता, आणि मी जिवंत असेपर्यंत कोणावर काहीच बंधन नव्हते. मला तर ती आत्ताच हवी आहे, मेल्यावर तिला पाहणार कोण?

निंबा म्हणाला, "माय, तुले कागद कसाले पाहिजे? मी आणसु ना तिले."

मी म्हटले, "तर मंग सही कर."

शेवटचे कलम. पहिल्या कलमातल्या अटीतले 'माझ्या मागे' हे शब्द खोडले आहेत. त्या जागी 'येत्या आखाजीपासून' असे वाचावे. खाडाखोडीवर निंबाची सही घेतली आहे. येत्या आखाजीपासून उज्जूने आजोबांच्या नावाची घागर भरून हात बसवावा. माझ्या घागरीची घाई नाही.

येणेप्रमाणे लिहून दिले. सही, शेवंताबाई तोताराम पाटील.

खाडाखोड मान्य. सही, निंबा तोताराम पाटील.

साक्षीदार : सुपडू आबा, निवृत्त शिक्षक. मदनलाल, किराणा दुकानदार.

मुक्काम पिंपळकोठा, तारीख १२ जून १९९२. परतीच्या एस.टी.ची वेळ झाली म्हणून अक्षर वाकडे आले आहे.