स्वयंपाकघराची भिंत

१२ एप्रिल ८६, शनि.
चिमणीची डागडुजी संपली. खरी किंमत: माझे तीन शनिवार, डाव्या अंगठ्याचं नख, आणि सुधाला दिलेला शब्द, की चिमणी झाली की स्वयंपाकघराला खिडकी. आज चहाबरोबर तो शब्द समोर आला.
"एवढ्या खिडक्यांचं घर, आणि मी पोळ्या लाटते भिंतीकडे बघत."
चूक तिची नाही. घर इंग्लंडातल्या जुन्या विटांच्या हवेलीची नक्कल. उंच उतरतं छप्पर, पीळदार चिमण्या, खिडक्यांना दगडी चौकटी. इथल्या मोटारींच्या धंद्यात पैसा केलेल्या अमेरिकन साहेबानं बांधलं. स्वयंपाकिणीला बाग दिसू नये, हीसुद्धा नक्कल केलीन. उजेड येतो तो छताजवळच्या झरोक्यातून. भिंतीपलीकडे जांभळ्या तुऱ्यांचा लायलॅक फुलतो; सुधाला तोच बघायचाय.

१३, रवि.
डॉ. लेले आणि वहिनी जेवायला. घर फिरवून दाखवलं. म्हटलं, "अठरा इंच भरीव वीट, डॉक्टर. तुमच्या ट्रॉय उपनगरातल्या नव्या घरांसारखी लाकडावर डकवलेली नाही. इथे खिडकी पाडली तर घर खाली येईल."
सुधा कढी वाढत होती. "अहो, घर नका पाडू. मीच बागेत चूल मांडते."
वहिनींना ठसका लागला.
ते गेल्यावर भिंती ठोकून ऐकल्या. सांगलीत लेथचं बिघडलेलं बेअरिंग मी नुसतं आवाजावरून सांगायचो; इथलं वर्कशॉप त्याच कानांवर उभं केलं. दर्शनी भिंत ठक्क बोलते. स्वयंपाकघरातली जरा... प्लॅस्टर सुटलं असेल.

१९, शनि.
सुधानं परस्पर गवंडी बोलावला. साल नावाचा म्हातारा इटालियन. आत आलाच नाही. बाहेरून बघून म्हणाला, समोरच्या, दर्शनी भिंतीत मधूनमधून विटांची डोकी, म्हणजे आखूड टोकं, दिसतात, म्हणजे वीट आत शिरून भिंत धरते. इथे सगळ्या लांबीनं लावलेल्या, डोकं एकही नाही.
"ठोकून पाहिली होती?" सालनं मला विचारलं.
"हो."
"मग?"
मी लायलॅककडे बघितलं. सुधानं माझ्याकडे.

२६, शनि.
सालनं वर लोखंडी अँगल देऊन दुपारपर्यंत भोक पाडलं. घर उभं आहे. तूर्त प्लॅस्टिक लावलंय, खिडकी यायचीय. लायलॅकला नुसत्या कळ्या. सुधा पोळ्या लाटताना गुणगुणत होती. बरं वाटलं ऐकून.
"समोरचीही बघू?" सालनं विचारलं. नको म्हटलं.
लेले पुढच्या रविवारी परत येतायत. सुधानंच बोलावलंय.
भोकाच्या कडेला टेप लावून भिंत मोजली. वीट एकच, पावणेचार इंच. मागे लाकूड.