एकाला एकच सूर

३ मार्च
कारखान्यात बाहुल्यांना डोळे बसवून बसवून माझेच डोळे जायची वेळ आली. पुरे. टेपवर वाजणारी इवलीशी पेटी डिझाइन करणार. प्रत्येक पट्टीखाली कॅसेटच्या टेपचा एक तुकडा, त्यावर माणसाच्या आवाजातला एक सूर. पट्टी दाबली की तुकडा सरकून वाजतो. सोडली की स्प्रिंग त्याला मागे ओढते. मालकांनी पास केली तर डिझाइन सेक्शनमधली खिडकीजवळची खुर्ची माझी. कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही.

५ मार्च
स्टोअरकीपरने विचारलं, इतक्या स्प्रिंगा कशाला? सहज विचारलं म्हणे. सहज कुणी काही विचारत नसतं. गादी दुरुस्त करतोय म्हणालो. त्याने त्या बोटभर स्प्रिंगांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लक्षण ठीक नाही.

८ मार्च
ही गाते बरी. सगळे सूर हिच्याकडूनच घेणार होतो. पण हिच्या भावाचं खेळण्यांचं दुकान. भिंतीला कान असतात, मेहुण्याला तर चार. तोडगा सापडला: एकाकडून एकच सूर. म्हणजे कुणालाच पूर्ण पत्ता लागणार नाही. असं डोकं चालायला लागतं.

१३ मार्च
हिचा सा घेतला. सासूबाईंचा रे, घसा बघतो म्हणून. शिंप्याचा ग, तोंडात टाचण्या असताना. दूधवाल्याचा म. न्हाव्याने प फारच आनंदाने दिला. याच्यावर नजर ठेवायला हवी. धसाठी नाइलाजाने मेहुणा. 'आ' करून झाल्यावर म्हणतो, "भावोजी, पेटी आमच्याच दुकानात ठेवणार ना?"
घरात फितुरी आहे. हिला खडसावलं. ही म्हणाली, दहा दिवस जेवणाच्या टेबलावर तेच पसरलंय, ताट ठेवायला जागा नाही.

२१ मार्च
पेटी तयार. नि माझाच घातला. वाजवून पाहिली नाही, आवाज बाहेर गेला तर? तुकडे हेडफोन लावून एकेक ऐकलेत. एकेक उत्तम.

२६ मार्च
मालकांसमोर डेमो. सा रे ग म वाजवलं. सासूबाई हिच्यावर खेकसल्या, शिंपी मध्ये पडला, दूधवाल्याने दोघींच्या वरताण केली. एकाचा सूर दुसऱ्याला लागेना. मालक डोळे पुसेपर्यंत हसले.
"अहो, एकाच माणसाकडून गाऊन नाही का घ्यायचं?"
कारण सांगणं शक्य नव्हतं, गुप्त होतं. ड्रॉइंग ठेवून जा, बघतो म्हणाले. बघतो! कळतात मला असले डाव. ड्रॉइंग काखोटीला मारून उठलो. उद्यापासून पुन्हा डोळे.

२९ मार्च
रात्रभर विचार केला. मालकांना कदर नाही, चोराला तरी असेल. चोरी झाली म्हणजे वस्तू मोलाची, हे सिद्धच होतं. ड्रॉइंग डबे खायच्या खोलीत मुद्दाम उघडं टाकलं आणि कपाटाआड उभा राहिलो. सगळे आले, ते बाजूला सारून जेवले, गेले. मग स्टोअरकीपरने ते उचललं. खोटं कशाला लिहू, जिवाला बरं वाटलं.
त्याने ते घडी करून थेट माझ्या हातात आणून दिलं. थोडं तेल सांडलंय म्हणाला. मी विचारलं, काय आहे ते पाहिलंत का?
"नाही हो. आपल्याला काय करायचंय?"
आभार मानले आणि बाहुल्यांकडे गेलो.