शिवणीतली माया

मास्तर,

आज सकाळी मशीनला तेल घालताना माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं, "चाल गे माय, तुह्याच जिवावर चालून राह्यलं सारं." राजापेठेतल्या दुकानाचं शटर वर केलं की तुम्ही रोज आधी मशीनशी बोलायचात, मग आमच्याशी. मला हसू यायचं. नवरा गेल्यावर कामाला लागलेली बाई मी, डोक्याला घरचा घोर, आणि हा माणूस लोखंडाचे आभार मानतोय. आता अकोल्यात माझ्या स्वतःच्या चार मशिनी आहेत आणि मीही रोज पुटपुटते. त्याशिवाय हात चालत नाही.

त्या नवरीच्या ब्लाउजचं तुम्हाला आठवत असेल. शिवणीच्या आत जादा कापड सोडायचं, त्याला माया म्हणायचं, हे तुम्ही पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. "बाई आज बारीक, उद्या जाड. कपड्यानं तिले सांभाळून घेतलं पाह्यजे, बेटा." मला मात्र सफाईची भारी हौस. आतली बाजूही देखणी दिसावी म्हणून मी सगळी माया कातरून टाकली. ब्लाउजचे हुक लागेनात, दुसऱ्या दिवशी हळद, आणि नवरीची आई दुकानात येऊन तोंडाला येईल ते बोलत होती. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि म्हणालात, "ताई, गलती माही हाय. आता डोये साथ देत नाही."

तो जुम्मा होता. नमाजहून आल्यावर तुम्ही काखेखाली पट्ट्या अशा जोडल्या की शोधूनही सापडू नयेत. पण मास्तरांना दिसत नाही ही गोष्ट बाजारभर झाली, काही जुनी गिऱ्हाइकं तुटली. मला रागावण्याआधी तुम्ही डबा खायला लावलात. "उपाशी माणसाले बोलणं बरं नाही," म्हणालात, आणि माझा शेवटचा घास होईपर्यंत थांबलात. "आता सांग, माया काहून कापली?" तेवढंच. इतकं हलकं रागावणं मला आयुष्यात कुणाकडून मिळालं नाही. त्या दिवसामुळे मी धंद्यात टिकले, मास्तर. नाहीतर दुसऱ्या दिवशी आलेच नसते.

आता चौघीजणी माझ्याकडे शिकायला येतात. त्यातली एक दोन लेकरांची आई आहे, हात गोड आहे तिचा. परवा तिनं कापलेल्या बाह्या आखूड झाल्या. गिऱ्हाईक आवाज चढवून बोलायला लागलं तसं मी पटकन म्हणाले, "हिनं केलं." ती खाली मान घालून टाके उसवत राहिली. काल आली नाही, आजही नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्यापर्यंत जाणारं टपाल नाही, आणि तिचं घर तर दोनच गल्ल्या पलीकडे आहे. खरं सांगते मास्तर, बाहीचं माप मीच तिला चुकीचं सांगितलं होतं. हे तिच्यापुढे म्हणायचा धीर होईना, म्हणून आधी तुमच्यापुढे म्हणून पाहिलं. आता चप्पल घालते.